वीज विकणाऱ्या देशाची जमाखर्चाची वही



मागल्या महिन्यातल्या गटसभेचा विषय होता खोडव्यातील पाचट व्यवस्थापन. पाचट झाले, खतांचे हप्ते झाले, शंकासमाधान झाले. सभा उठता उठता मागच्या ओळीतले एक वयस्क सभासद म्हणाले, "साहेब, पाचटाचं समजलं. आता एवढं सांगा, शेजारच्या कारखान्यासारखं आपण विजेचं मोठं काम काढलं तर उसाच्या बिलात किती पडंल?"

मी म्हटले, "आबा, मी शेतकी खात्याचा माणूस. टर्बाइनचं मला कसं विचारता?"

तर म्हणाले, "टर्बाइनचं कुठं विचारतोय? पैशाचं विचारतोय."

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. वीज विकून प्रपंच कसा चालतो, याचे एक उदाहरण पुढे माझ्या वाचनात आले. ते कोण्या कारखान्याचे नाही, एका अख्ख्या देशाचे आहे. हा देश म्हणजे आपल्या शेजारचा भूतान. त्याच्या पन्नास वर्षांच्या जमाखर्चातून आपल्याला काय शिकता येईल, ते या पाठात पाहू. आकडे थोडे आहेत, पण ते सावकाश वाचावेत. एका बैठकीत वाचून झाले नाही तरी चालेल.

१. देश केवढा, पाणी केवढे

भूतानचे क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याएवढे. २०१७ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ७ लाख २७ हजार भरली. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांच्या वर होती. म्हणजे अख्खा देश कोल्हापूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. उत्तरेला हिमालयाची शिखरे, दक्षिणेला बंगाल-आसामची सपाटी, आणि मध्ये उतारच उतार. सपाट शेतजमीन फार थोडी.

१९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. घोड्यावर बसून, डोंगर ओलांडून ते पारोला पोहोचले. १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. त्याच वर्षापासून आपल्या सीमा रस्ते संघटनेने 'दंतक' या नावाने तिथे रस्ते बांधायला घेतले.

अशा देशाजवळ विकायला काय होते? थोडी संत्री, वेलदोडा, बटाटा, लाकूड. आणि पाणी. तिथल्या भाषेत 'छू' म्हणजे पाणी, नदी. वांगछू, पुनात्सांगछू, मांगदेछू, कुरीछू या नद्या हिमालयातून निघून थोड्याच अंतरात हजारो फूट खाली उतरतात. उतार आणि पाणी दोन्ही असले की वीज होते. सगळ्या नद्या मिळून ३० हजार मेगावॉट वीज होऊ शकेल, असा अंदाज अनेक वर्षे सांगितला जातो.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. आपले कोयनेचे धरण पावसाळ्याचे पाणी साठवते आणि ते उन्हाळ्यातही पुरवून वापरता येते. भूतानचे प्रकल्प बहुतेक वाहत्या पाण्यावरचे आहेत. नदीला लहानसा बांध घालायचा, पाणी बोगद्यातून वळवायचे, खाली टर्बाइनवर सोडायचे आणि पुन्हा नदीत सोडायचे. साठा जवळजवळ नाहीच. नदी वाहील तशी वीज. या एका गोष्टीवर पुढचा बराचसा हिशेब अवलंबून आहे.

२. चुखा : पहिला सौदा

पाणी होते, पण बोगदा खणायला पैसा नव्हता, यंत्रे नव्हती, इंजिनियरही नव्हते. १९७४ मध्ये भारत आणि भूतान यांच्यात चुखा प्रकल्पाचा करार झाला. त्याची कलमे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कलम, खर्च भारताने करायचा. त्यातले ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. कर्जाचा व्याजदर ५ टक्के, फेड पंधरा वर्षांत.

दुसरे, भूतानने स्वतःची गरज भागवावी आणि उरलेली सगळी वीज भारताने विकत घ्यावी.

तिसरे, कर्जही रुपयात आणि विजेची किंमतही रुपयात. भूतानचे चलन नगुल्ट्रम. एक नगुल्ट्रम बरोबर एक रुपया, हा भाव आजही कायम आहे. त्यामुळे डॉलर चढला म्हणून कर्ज फुगले, असे होण्याचा प्रश्न नव्हता.

१९८६ ते १९८८ या काळात ८४ मेगावॉटची चार यंत्रे एकामागून एक सुरू झाली. एकूण ३३६ मेगावॉट. १९९१ मध्ये प्रकल्प भूतान सरकारच्या ताब्यात गेला. विजेच्या पैशातून हप्ते जाऊन वर शिल्लक राहू लागली. त्यातून शाळा झाल्या, दवाखाने झाले, खेडोपाडी तारा गेल्या. शिक्षण आणि दवाखान्याचा प्राथमिक खर्च तिथे सरकार करते, त्याला या नद्यांनी मोठा हातभार लावला. चुलीपुढे धुरात बसणाऱ्या बायकांच्या घरात दिवा आला, भात शिजवायचे विजेचे भांडे आले. ही कमाई लहान नव्हे.

चुखा यशस्वी का झाला? अनुदान मोठे, व्याज कमी, गिऱ्हाईक पक्के, आणि काम पार पडले. चारही गोष्टी एकदम जमल्या.

३. पुढचे प्रकल्प आणि बदलत गेलेल्या अटी

चुखानंतर झालेले मोठे प्रकल्प असे:

कुरीछू : ६० मेगावॉट, २००१-०२
ताला : १०२० मेगावॉट, २००६-०७
दागाछू : १२६ मेगावॉट, २०१५
मांगदेछू : ७२० मेगावॉट, २०१९
पुनात्सांगछू-२ : १०२० मेगावॉट, २०२५

ऑस्ट्रियाच्या मदतीने झालेला बासोछू आणि अलीकडचा निकाछू हे लहान प्रकल्प धरले की बेरीज साडेतीन हजार मेगावॉटच्या जवळ जाते.

यात तालाची गंमत पाहा. हा प्रकल्प चुखाच्या खाली, त्याच वांगछू नदीवर आहे. चुखाने वापरून सोडलेले पाणी ताला पुन्हा वापरतो. आपण उसापासून साखर काढतो, मळीपासून स्पिरिट काढतो, बगॅसवर बॉयलर चालवतो, तसाच हा प्रकार. एकाच मालातून दोनदा उत्पन्न.

पण अटी बदलत गेल्या. तालालाही ६० टक्के अनुदान होते, मात्र कर्जाचा व्याजदर ९ टक्के झाला. मांगदेछूच्या वेळी अनुदान ३० टक्क्यांवर आले आणि कर्ज ७० टक्के झाले, तेही १० टक्के व्याजाने. खर्च वाढला तसा विजेचा दरही वाढवून घ्यावा लागला. तालाचा सुरुवातीचा दर युनिटला १ रुपया ८० पैसे होता. मांगदेछूचा दर ४ रुपये १२ पैसे ठरला. जुन्या चुखाच्या विजेला मात्र २०१७ मध्ये वाढवून २ रुपये ५५ पैसे मिळाले.

मांगदेछूची सगळी यंत्रे तासभर पूर्ण चालली तर ७ लाख २० हजार युनिट होतात. ४ रुपये १२ पैशांनी त्यांचे २९ लाख ६६ हजार रुपये होतात. एका तासाचे! हा आकडा ऐकला की कुणाचाही जीव हरखून जाईल. पण जमेच्या बाजूला जेवढी मोठी रक्कम, तेवढीच नावेच्या बाजूलाही असते. ती आता पाहू.

४. बांधकामाची चलती आणि उत्पादनाची कमाई

या पाठाचा गाभा हाच आहे.

देशाच्या वाढीचा आकडा काढताना त्या वर्षी जे काही बांधले, पिकवले, विकले, त्याची गोळाबेरीज करतात. बोगदा खणायला घेतला की पहिल्या वर्षापासून त्याचा खर्च बांधकामाच्या खात्यात धरला जातो. वीज एक युनिट झालेली नसते, तरी वाढीचा आकडा चढतो. भूतानमध्ये हे वारंवार घडले. प्रकल्प बांधायला घेतला की ट्रक येतात, सिमेंट येते, खाणावळी निघतात, भाड्याने खोल्या जातात, जमिनीला भाव येतो. आपल्याकडे कारखान्याची उभारणी चालू असताना तालुक्याच्या बाजाराला जशी चलती येते, तशीच.

दुसरा चढ येतो प्रकल्प सुरू होतो त्या वर्षी. तालाची वीज सुरू झाली त्या २००७ मध्ये भूतानच्या उत्पन्नाची वाढ १७-१८ टक्क्यांच्या घरात गेली. जगात फार थोड्या देशांना असे जमते. पण पुढच्याच वर्षी ती ५ टक्क्यांच्या आसपास आली. याचा अर्थ देश बुडाला असा नाही. ताला एकदाच सुरू होतो, दरवर्षी नव्याने सुरू होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. टनेज एकदा ४० वरून ६० झाले तर त्या साली दीडपट वाढ दिसते. पुढच्या साली पुन्हा ६० पडले तर वाढ शून्य, पण उत्पन्न चांगलेच.

तेव्हा वाढीचा आकडा आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि बांधकामातली वाढ तर त्याहून वेगळी. कारण ती कशाच्या जोरावर होते? कर्जाच्या. कर्जाचा पैसा खर्च होतो तेव्हा तो उत्पन्नासारखाच दिसतो. नोट तीच, खिसाही तोच. पण त्या पैशावर परतफेडीचा शिक्का असतो.

शिवाय तो पैसा गावात किती राहिला, हेही पाहावे लागते. भूतानमध्ये टर्बाइन भारतातून गेले, पोलाद भारतातून, डिझेल भारतातून. बोगद्यातले बरेचसे मजूरही भारतातलेच. म्हणजे कर्जाचा रुपया सरहद्दीवरच्या फुंत्शोलिंगहून आत गेला आणि त्यातला मोठा भाग त्याच रस्त्याने परत बाहेर आला. आपल्या मोटेच्या भाषेत सांगायचे तर मोट भरून वर आली, पण सोंडेतून निम्मे पाणी पुन्हा विहिरीतच.

काम संपल्यावर वीजघर चालवायला माणसे थोडीच लागतात. बांधकामाच्या वेळी हजारोंना काम असते, नंतर शेकड्यांना. राहिलेल्यांनी काय करायचे, हा प्रश्न देशापुढे उभा राहतो.

५. रुपयाची टंचाई : २०१२

याचा चटका भूतानला २०१२ मध्ये बसला. त्या काळात पुनात्सांगछूचे दोन आणि मांगदेछू असे मोठे प्रकल्प एकाच वेळी चालू होते. हातात पैसा खेळत होता. लोकांनी घरे बांधायला काढली, मोटारी घेतल्या. बँकांनी सढळ हाताने कर्जे दिली. घराचे सामान भारतातून, मोटार भारतातून, तांदूळ आणि तेलसुद्धा भारतातून. या सगळ्याला रुपया लागतो.

आता नगुल्ट्रम आणि रुपया यांचा भाव एक असला, तरी नगुल्ट्रम भूतान छापू शकतो, रुपया छापू शकत नाही. रुपया कमवावा लागतो किंवा उसना घ्यावा लागतो. मागणी वाढत गेली आणि रुपयाची गंगाजळी आटली. जवळचे डॉलर विकून रुपये घ्यावे लागले. शेवटी मोटारींची आयात थांबवली, घरबांधणी आणि वाहनांची कर्जे बंद केली. २०१३ मध्ये वाढीचा दर २ टक्क्यांच्या आसपास उतरला.

आजार काय होता? उद्या येणाऱ्या विजेच्या भरवशावर आज खर्च झाला. ऊस फडात उभा असताना त्याच्या बिलावर लग्न उरकावे, आणि तोड तीन महिने लांबावी, तसेच झाले.

६. पुनात्सांगछूचा डोंगर

वीज वेळेवर आली असती तर ही टंचाई निभावली असती. पण इथे डोंगराने दगा दिला.

पुनात्सांगछू-१ हा १२०० मेगावॉटचा प्रकल्प. काम २००८ मध्ये सुरू झाले. मूळ अंदाज सुमारे ३,५०० कोटी रुपयांचा होता. जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला. खडक आतून कच्चा निघाला. डोंगर थोपवण्याचे नाना उपाय झाले, पण धरणाचे काम अडून राहिले. दरम्यान खर्चाचा सुधारित आकडा ९,३०० कोटींच्या वर गेला. वीजघर, बोगदा यांवर पैसा गुंतून पडला, आणि बांधाशिवाय त्यांचा उपयोग नाही. धरणाचे काम पुन्हा सुरू करण्याबाबत दोन्ही देशांचे एकमत व्हायला २०२५ साल उजाडले.

खालच्या अंगाच्या पुनात्सांगछू-२ मध्येही २०१६ मध्ये भूमिगत भागात खडक ढासळला. तो प्रकल्पही ठरल्या वेळेच्या कितीतरी वर्षे उशिरा पुरा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. २०२० पर्यंत १० हजार मेगावॉट, असे उद्दिष्ट दोन्ही सरकारांनी ठरवले होते. त्याची निम्मीही मजल गाठली गेली नाही.

उशिराची किंमत कशी वाढते, ते साध्या उदाहरणाने पाहू. १०० कोटी कर्ज, १० टक्के व्याज. वर्षाचे व्याज १० कोटी, म्हणजे रोजचे सुमारे २ लाख ७४ हजार. उत्पन्न सुरू नसेल तर हे व्याज मुदलात मिळते. पाच वर्षे काम रखडले तर १०० कोटींचे १६१ कोटी होतात. एक वीट जास्त न लावता.

हे मला वहीतून शिकावे लागले नाही. आमच्या गावी उपसा सिंचनाची योजना झाली तेव्हा मी डिप्लोमाला होतो. चर खणायला सुरुवात झाली आणि गावात आनंदीआनंद. ट्रॅक्टरवाल्यांना काम, गवंड्यांना काम, पोरांना मुकादमी. वडील म्हणायचे, "आता कोरडवाहू संपलं." पाइप पुरले, पण विजेची जोडणी आणि मोटारी येईपर्यंत तीन पावसाळे गेले. पाणी पोचले तेव्हा ते शेवटच्या टोकापर्यंत चढेना. आमचे रान शेवटच्या टोकाला. पाणी आले नाही, पण सातबारावर बोजा मात्र आला. तो उतरवायला वडिलांना विहिरीजवळचे चांगले वीस गुंठे विकावे लागले. योजना वाईट नव्हती. ज्यांच्या रानात पाणी पोचले त्यांचे भलेच झाले. पण व्याजाला पावसाळा कळत नाही आणि टोकाचा शेतकरीही कळत नाही.

भूतानचे एकूण विदेशी कर्ज आज देशाच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त आहे, आणि त्यातला मोठा भाग वीज प्रकल्पांचा आहे. हे कर्ज विजेतूनच फिटते, म्हणून ते इतर कर्जापेक्षा सुरक्षित, असे जाणकार म्हणतात. मांगदेछू पाहिला की ते पटते. पुनात्सांगछू-१ पाहिला की त्यात एक 'जर' दडलेला आहे हे कळते: जर प्रकल्प वेळेवर सुरू झाला तर.

७. हिवाळ्यात उलटी वीज

आता साठ्याचा मुद्दा. जून ते सप्टेंबर नद्या दुथडी भरून वाहतात, सगळी यंत्रे चालतात, आणि वीज भारताकडे येते. डिसेंबर ते मार्च बर्फ गोठते, नद्या आटतात. उत्पादन स्थापित क्षमतेच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. आणि नेमकी तेव्हाच थंडीमुळे देशात विजेची मागणी जास्त! पासाखाच्या औद्योगिक वसाहतीत फेरोसिलिकॉनच्या भट्ट्या आहेत, त्यांना बारमाही वीज लागते. अलीकडे बिटकॉइन नावाच्या संगणकी चलनाची यंत्रेही विजेवर चालवायला घेतली आहेत. परिणाम असा की वीज विकणारा देश हिवाळ्यात भारताकडून वीज विकत घेतो. २०२२ पासून तो आपल्या वीजबाजारातूनही खरेदी करू लागला.

म्हणून वर्षाची बेरीज फसवी असते. उन्हाळा-पावसाळ्यात विकलेल्या युनिटचा दर आणि हिवाळ्यात घेतलेल्या युनिटचा दर एकच असेल असे नाही. वैरण स्वस्तात विकून उन्हाळ्यात महाग घेणाऱ्याला दुधाचा धंदा परवडत नाही, तसे हे.

यात आपला एक खराखुरा धागा आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचे वीजजाळे बाकीच्या देशाला जोडले गेले आणि सारा भारत एका जाळ्यात आला. भूतानच्या वाहिन्याही त्याच जाळ्याला जोडलेल्या आहेत. त्यांच्या नद्या आटतात तेव्हा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो आणि बगॅसवरची वीज जाळ्यात जात असते. आपला सुगीचा काळ तो त्यांचा टंचाईचा. पण आपलाही माल बारमाही नाही, हे विसरू नये. धुराडे थंड झाले की बगॅस साठवलेली असेल तेवढेच दिवस टर्बाइन फिरते. त्यांचे पाणी तसा आपला ऊस.

८. आणि शेती?

भूतानच्या वाढीची गोष्ट सांगताना विजेचे आणि बांधकामाचे आकडे पुढे येतात. शेतीचे मागे राहतात. पण कामकरी माणसांपैकी निम्म्याच्या आसपास लोक आजही शेतीतच आहेत, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे सातवा हिस्सा. म्हणजे माणसे जास्त, मिळकत कमी. रानडुक्कर आणि हत्ती पिके खातात. भात घरी पिकवण्यापेक्षा भारतातून आलेला तांदूळ स्वस्त पडतो. खेड्यांतली घरे कुलपे लावून ओस पडत चालली आहेत. अशा घराला तिथे 'गुंगतोंग' म्हणतात. शिकलेल्या मुलांना वीजघरात पुरेशी कामे नाहीत, आणि शेतात त्यांचे मन नाही. २०२२ नंतर हजारो तरुण ऑस्ट्रेलियाला गेले.

एक गोष्ट मात्र भूतानने फार शहाणपणाची केली. २००८ च्या राज्यघटनेत लिहून ठेवले की देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील. जंगल राहिले तर झरे राहतील, माती धरून राहील, टर्बाइनच्या पात्यांवर वाळू कमी येईल. विजेचे मूळ पाणलोटात आहे, हे त्यांनी ओळखले. ज्या कच्च्या मालावर जगायचे त्याला आधी जपायचे.

आता मार्गही बदलत आहे. सगळे एका सरकारी कर्जावर न करता भागीदारी घेतली जाते. दागाछूमध्ये टाटा पॉवर भागीदार आहे. खोर्लोछू या ६०० मेगावॉटच्या प्रकल्पात २०२४ मध्ये तिने ४० टक्के हिस्सा घेतला. ही तीच मुंबईची कंपनी, जिच्या परंपरेत १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. हिवाळ्याची खिंड भरायला सौरऊर्जेचाही विचार चालू आहे. भागीदारीत कर्जाचे ओझे वाटले जाते, पण नफाही वाटला जातो.

९. आपण काय घ्यावे

भूतान विजेमुळे बुडाला, असे कुणी या लेखावरून म्हणू नये. चुखा नसता तर तो देश आज आहे तिथे नसता. वीज हा चांगलाच धंदा आहे. पण त्या धंद्याचे चार खांब आहेत, आणि एकही कच्चा चालत नाही.

पहिला, भांडवल. अनुदान किती, स्वतःचे किती, कर्ज किती आणि व्याज किती. ६०-४० च्या कर्जात जे बसते ते ३०-७० मध्ये तसेच बसेल असे नाही.

दुसरा, वेळ. काम वर्षभर लांबले तर किती व्याज चढेल, हा आकडा कामाला हात घालण्याआधी कागदावर हवा.

तिसरा, गिऱ्हाईक आणि दर. करार किती वर्षांचा, आणि करार संपल्यावर काय. भूतानला गिऱ्हाईक एकच, पण ते पक्के आणि शेजारधर्म पाळणारे. सगळ्यांना तसे मिळत नाही.

चौथा, कच्चा माल. त्यांना पाणी, आपल्याला ऊस. एकरी टनेज घसरत असेल, खोडव्याकडे दुर्लक्ष असेल, जमीन खारावत असेल, तर मोठ्या बॉयलरला बगॅस कुठून देणार? शेतकी खात्याचा माणूस म्हणून माझा जीव या चौथ्या खांबात अडकलेला आहे.

आणि या चौघांच्या वर एक पथ्य. बांधकामाच्या दिवसांत जो पैसा खेळतो तो कमाई समजू नये. पहिले युनिट विकले जाईल आणि पहिला हप्ता वेळेवर जाईल, तेव्हा कमाईची पहिली ओळ लिहावी.

आबांना आता माझे उत्तर असे: "बिलात किती पडंल ते मी सांगू शकत नाही. पण सभेत हे चार प्रश्न तुम्ही विचारा, आणि चौघांचीही उत्तरे आकड्यांत मागा. उत्तरं चांगली आली तर हात वर करायला मागं राहू नका."

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. भूतानमध्ये उत्पन्न न वाढता वाढीचा आकडा चढला, तो कसा? आपल्या परिसरातले एक उदाहरण द्या.

२. ५० कोटी कर्ज, १० टक्के व्याज. काम दोन वर्षे रखडले आणि व्याज मुदलात मिळाले, तर कर्ज किती होईल? (उत्तर : ६० कोटी ५० लाख.)

३. चुखाच्या करारातली कोणती कलमे सभासदांच्या फायद्याची वाटतात? का?

४. आपल्या गटात गेल्या तीन हंगामांत लागणीचे आणि खोडव्याचे एकरी टनेज किती पडले? हा आकडा ज्याने त्याने आपल्या नोंदवहीतून काढून आणावा. पुढच्या सभेला आपण तिथूनच सुरुवात करू.

आपला,
ऊस विकास अधिकारी